पत्ता म्हणजे फाइल नव्हे

एखादी फाइल नेमकी कुठे आहे, कोणाच्या मालकीची आहे आणि शेवटची कधी बदलली, हे प्रश्न पायथनसारख्या भाषेत संगणकाला विचारायला प्रत्येकी एक ओळ पुरते. उत्तर क्षणात येतं आणि ते इतकं ठाम दिसतं की त्यावर शंका घ्यावी असं सहसा कोणाला वाटत नाही. बँकांचे रात्रीचे हिशेब, रुग्णालयांतले तपासणी अहवाल, सरकारी कार्यालयांत स्कॅन केलेली कागदपत्रं, मोबाइलमधले फोटो या सगळ्यांची ने-आण अशाच ओळींच्या भरवशावर चालते. त्यामुळे या उत्तरांवर किती विसंबावं, हा प्रश्न केवळ प्रोग्रॅमरांचा राहत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: पत्ता म्हणजे फाइल नव्हे. पत्ता ही फाइलपर्यंत पोहोचण्याची एक वाट असते आणि विचारलं त्या क्षणापुरतीच तिची खात्री देता येते. फाइलसोबत मिळणाऱ्या तारखा, आकार, मालक या नोंदी असतात. त्या कोणी आणि कोणत्या नियमाने केल्या हे ठाऊक असल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. या दोन गोष्टी नजरेआड करून लिहिलेला प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू शकतो, आणि मग एखाद्या दिवशी भलतंच फोल्डर पुसून मोकळा होतो.

याचं मूळ युनिक्सच्या रचनेत आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही ऑपरेटिंग सिस्टिम उभारली, आणि आजचे लिनक्स, अँड्रॉइड, मॅकओएस हे सगळे त्याच वळणाचे आहेत. तिथे एक निर्णय असा झाला की फाइलचं नाव फाइलजवळ ठेवायचंच नाही. प्रत्येक फाइलला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाखाली एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. फाइल किती मोठी, मालक कोण, कोणाला वाचायची परवानगी, कधी बदलली, मजकूर डिस्कवर कुठे कुठे ठेवला आहे, हे सगळं आयनोडमध्ये असतं. नाव मात्र नसतं. नाव असतं फोल्डरमध्ये. १९७० च्या दशकातल्या युनिक्समध्ये फोल्डरमधली एक नोंद १६ बाइटची असे: २ बाइट क्रमांकाला, १४ बाइट नावाला. म्हणजे फोल्डर ही नावं आणि क्रमांक यांची साधी यादी. गावात एकाच शेताला कोणी ‘वरचा मळा’ म्हणतं, कोणी ‘विहिरीजवळचा तुकडा’. सातबारा मात्र गट क्रमांकाने निघतो, आणि क्षेत्र, मालक, बोजा यांच्या नोंदी त्या क्रमांकाखाली सापडतात. आयनोडचं काम तसंच आहे.

या एका निर्णयातून बरंच काही निघतं. एकाच क्रमांकासमोर दोन नावं लिहिता येतात, एकाच फोल्डरमध्ये किंवा दोन वेगळ्या फोल्डरांमध्ये. याला हार्ड लिंक म्हणतात. यातलं एक नाव मूळ आणि दुसरं नक्कल, असा भेद नसतो. दोन्ही नावं सारख्याच हक्काची. अशा फाइलचा ‘खरा पत्ता’ कोणता, हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण तिला दोन खरे पत्ते आहेत आणि आयनोडमध्ये फक्त नावं किती आहेत एवढी मोजदाद असते. फाइल पुसणं म्हणजेही युनिक्समध्ये यादीतून एक नाव काढणं. शेवटचं नाव गेलं, तरी एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवली असेल तर ती जिवंत राहते; तिला पत्ता एकही नसतो, पण मजकूर वाचता येतो आणि डिस्कवरची जागाही अडलेली असते. सर्व्हरची डिस्क भरलेली दिसते आणि फोल्डर चाळले तर एवढ्या मोठ्या फाइली कुठेच सापडत नाहीत, असा प्रकार अनेकदा यातूनच घडतो. पत्ता नसलेली फाइल असू शकते, दोन पत्त्यांची असू शकते. मग पत्ता ही फाइलची ओळख कशी मानायची?

पत्त्यांचा गुंता आणखी वाढतो तो सिम्बॉलिक लिंकमुळे. १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीने युनिक्समध्ये ही सोय आणली. ही एक छोटीशी फाइल असते आणि तिच्यात दुसऱ्या कुठल्या तरी जागेचा पत्ता फक्त मजकूर म्हणून लिहिलेला असतो. ती जागा अस्तित्वात आहे की नाही, हे लिंक करताना तपासलं जात नाही. आता एक उदाहरण अगदी जवळून पाहू. ‘/कामे/चालू’ ही अशी लिंक आहे आणि ती ‘/साठा/२०२४/मे’ या फोल्डरकडे नेते. प्रोग्रॅमला ‘/कामे/चालू/../अहवाल’ असा पत्ता दिला. दोन टिंबांचा अर्थ ‘एक पायरी वर’. नुसती अक्षरं पाहून हिशेब केला तर ‘चालू’ आणि दोन टिंबं एकमेकांना खोडतात आणि उत्तर येतं ‘/कामे/अहवाल’. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र प्रत्यक्ष चालत जाते: ‘चालू’वरून ती ‘/साठा/२०२४/मे’मध्ये पोहोचते, तिथून एक पायरी वर चढते आणि ‘/साठा/२०२४/अहवाल’ उघडते. दोन हिशेब, दोन वेगळ्या फाइली. पायथनमधलं ॲबस्पाथ हे फंक्शन पहिल्या पद्धतीने चालतं. रिअलपाथ आणि पाथलिब या लायब्ररीतलं रिझॉल्व्ह दुसऱ्या पद्धतीने. २०१४ च्या पायथन ३.४ मध्ये पाथलिब आली तेव्हा तिने दोन टिंबं आपोआप खोडायची नाहीत असं ठरवलं, ते याच कारणाने. पण ‘पूर्ण पत्ता’ आणि ‘खरा पत्ता’ या दोन फंक्शनांची उत्तरं नेहमीच्या कामात सारखीच दिसतात, त्यामुळे कित्येक प्रोग्रॅमांत जे हाताला लागलं ते वापरलेलं आढळतं.

रिअलपाथचं उत्तरही अटींसह येतं. पहिली अट सुरुवातीची: पत्ता ‘/’ने सुरू होत नसेल तर तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालतो आहे तिथून मोजला जातो. हाताने चालवताना बरोबर चालणारा प्रोग्रॅम रात्री क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीकडे, सोपवला की फाइल सापडत नाही म्हणतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. क्रॉन त्याला दुसऱ्याच फोल्डरमधून सुरू करतो. दुसरी अट अस्तित्वाची: पायथन ३.६ पासून रिझॉल्व्हला फाइल नसली तरी चालते. जिथवर वाट सापडते तिथवर ते जातं आणि उरलेला तुकडा जसाच्या तसा चिकटवून देतं. फाइल असायलाच हवी असेल तर तसं स्पष्ट बजावावं लागतं. तिसरी गोष्ट दोन पत्ते ताडून पाहण्याची. मॅकवर ‘/टीएमपी’ हे फोल्डर म्हणजे प्रत्यक्षात ‘/प्रायव्हेट/टीएमपी’कडे जाणारी लिंक आहे. एका बाजूला खरा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला लिहिलेला पत्ता ठेवून तुलना केली, तर एकच फाइल प्रोग्रॅमला दोन वाटतात. दोन पत्ते एकाच फाइलचे आहेत का, हे पाहायचं असेल तर अक्षरं जुळवत बसण्यापेक्षा डिस्कचा आणि आयनोडचा क्रमांक जुळवावा. पायथनचं सेमफाइल नेमकं तेच करतं.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांना तर अक्षरांवरचा भरवसा आणखी महागात पडू शकतो. ‘दुसऱ्या तिमाहीचा ताळेबंद’ या नावातलं ‘दुसऱ्या’ घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, र आणि नुक्ता अशा जोडीने, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह यांनी. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. यूटीएफ-८ मध्ये मोजले तर पहिल्या रूपात हा शब्द २१ बाइटचा होतो आणि बाकी दोन रूपांत २४ बाइटचा. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम नेहमीच्या मांडणीत नावाकडे निव्वळ बाइट म्हणून पाहते, त्यामुळे तिथे एकाच फोल्डरमध्ये या तीन फाइली शेजारी शेजारी नांदू शकतात. ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही सिस्टिम नावं सुटी करून, म्हणजे र आणि नुक्ता अशी साठवत असे; तिथून आलेली फाइल दुसरीकडे शोधायला गेलं की ‘सापडली नाही’ असं उत्तर येऊ शकतं. युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियम पहिली दोन रूपं एक करतात, तिसरं मात्र तसंच सोडून देतात. आणि रिअलपाथ यातलं काहीच करत नाही. दिलेले बाइट घेऊन ते वाट चालू लागतं. नावाच्या लांबीचाही प्रश्न आहे. ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तही धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हं येतात. कार्यालयीन विषयाचं पूर्ण वाक्य फाइलला नाव म्हणून देणाऱ्यांना ही मर्यादा लवकर गाठते.

इथवरच्या घोटाळ्यांत निदान कोणाचा वाईट हेतू नसतो. हेतू वाईट असेल तर पत्त्याच्या मजकुरावर ठेवलेला विश्वास हीच शिरकावाची जागा होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाची वेब सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत असंच भगदाड सापडलं. पत्ता साफसूफ करणाऱ्या भागात बदल झाला होता, आणि टिंबाऐवजी त्याचं टक्केचिन्हाने लिहिलेलं सांकेतिक रूप पाठवलं की तपासणीला ती ‘एक पायरी वर’ची खूण ओळखता येत नसे. मग जिथे इतर बंधनं नीट घातलेली नव्हती, तिथे ठरवलेल्या फोल्डरबाहेरच्या फाइली वाचता येत होत्या. दुरुस्ती म्हणून आलेली २.४.५० ही आवृत्तीही अपुरी ठरली आणि लगोलग २.४.५१ काढावी लागली. दुसरा धोका वेळेचा. प्रोग्रॅम आधी तपासतो की हे साधं फोल्डर आहे, लिंक नाही. मग ते पुसायला जातो. या दोन कामांच्या मधल्या क्षणात कोणी ते फोल्डर हलवून त्याच नावाची लिंक तिथे ठेवली, तर पुसलं जातं ते लिंकच्या पलीकडचं. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतच, फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसणाऱ्या फंक्शनमध्ये, ही त्रुटी निघाली आणि जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ ही आवृत्ती देऊन ती बुजवावी लागली. तपासणी चुकीची नव्हती. तपासलं तेव्हा उत्तर खरंच होतं. कृती होईपर्यंत ते जुनं झालं, एवढंच. रिअलपाथला हाच नियम लागू होतो.

आता फाइलच्या नोंदींकडे, म्हणजे मेटाडेटाकडे वळू. पायथनचं स्टॅट फंक्शन आयनोडमधली माहिती काढून देतं, आणि त्यातल्या वेळांबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. एमटाइम म्हणजे मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ. एटाइम म्हणजे शेवटचं वाचल्याची. पण प्रत्येक वाचनाला डिस्कवर लिहिणं खर्चिक पडतं म्हणून २००९ पासून लिनक्स नेहमीच्या मांडणीत ती क्वचितच बदलतो, आधीची नोंद मजकुराच्या बदलापेक्षा जुनी असेल किंवा तिला २४ तास उलटून गेले असतील तेव्हाच. सीटाइम ही जन्मवेळ आहे असं अनेक जण धरून चालतात. विंडोजवर पायथनने अनेक वर्षं त्या नावाखाली जन्मवेळच दिली, पण युनिक्सवर ती आयनोड बदलल्याची वेळ असते. नुसती परवानगी बदलली तरी ती पुढे सरकते. एकच ओळ दोन सिस्टिमांवर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. पायथन ३.१२ ने विंडोजवरचा हा वापर मोडीत काढायला घेतला आणि जन्मवेळेसाठी वेगळं नाव दिलं. लिनक्सवर जन्मवेळ विचारायची सोय २०१७ मध्ये कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, ४.११ या आवृत्तीत स्टॅटएक्समुळे झाली. शिवाय या वेळा प्रवासात टिकत नाहीत. विंडोजवर फाइलची प्रत काढली की प्रतीची जन्मवेळ आजची होते आणि बदलाची वेळ जुनीच राहते. म्हणजे कागदोपत्री ती जन्मण्याआधी बदललेली असते. पेनड्राइव्हवरची फॅट३२ सिस्टिम बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदते, तीही स्थानिक घड्याळाप्रमाणे आणि कोणत्या देशाचं घड्याळ ते न लिहिता. आणि एमटाइम, एटाइम या वेळा तर फाइलच्या मालकाला एका साध्या आज्ञेने हव्या तशा करता येतात.

यावर जाणकार वाचक विचारेल की मग पत्ता सोडून सरळ आयनोडचा क्रमांकच का जपून ठेवू नये? आक्षेप रास्त आहे, पण क्रमांकालाही मर्यादा आहेत. तो एका फाइल सिस्टिमपुरताच एकमेव असतो. दुसऱ्या डिस्कवर तोच क्रमांक दुसऱ्या फाइलला असू शकतो. फाइल पुसली गेली की तो नव्या फाइलला मिळू शकतो. आणि अनेक संपादक प्रोग्रॅम जतन करताना आधी नवी फाइल लिहितात आणि मग तिला जुन्याचं नाव देतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुना मजकूर शाबूत राहावा. वापरणाऱ्याच्या लेखी फाइल तीच असते, आयनोड मात्र बदललेला असतो. त्यामुळे ‘तीच फाइल’ म्हणजे काय, याचं उत्तर प्रश्नावर ठरतं. वापरणाऱ्याला हवी असलेली फाइल नावाने ओळखली जाते, या क्षणी हातात असलेली फाइल क्रमांकाने, आणि मजकूर तोच आहे का हे हॅश मूल्याने, म्हणजे संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेल्या छोट्या ठशाने. यातल्या एका खुणेकडून दुसरीचं काम करून घ्यायला गेलं की घोटाळा होतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. रोजच्या कामात पत्ता हा साधा मजकूर समजून भागतं. एवढ्या बारकाव्यांचं ओझं नवख्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर कशाला? वाचण्यापुरतं काम असेल तर हे मला मान्य आहे. चुकीची फाइल उघडली तर चूक दिसते आणि सुधारता येते. पण पुसणं, वरून लिहिणं, परवानग्या बदलणं, बाहेरून आलेल्या झिप फाइली उलगडणं आणि बॅकअप घेणं या कामांत चूक परत फिरवता येत नाही, किंवा ती लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. बारकावे तिथेच लागतात. तिसरं म्हणणं असं की आता सगळं क्लाउडवर आणि मोबाइलवर गेलं आहे, पत्ते उरलेतच कुठे? खरं तर हे माझ्याच बाजूचं आहे. अँड्रॉइडने आवृत्ती १० पासून ॲपना साठवणीत पत्त्याने मोकाट फिरण्यावर बंधनं आणली. ॲप विचारतं, वापरणारा फाइल निवडतो आणि सिस्टिम त्या एका फाइलपुरता हक्क ॲपच्या हाती देते. पत्ता सांगण्याऐवजी फाइलच हाती द्यायची, ही दिशा आहे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने यातून घ्यायची शिस्त अवघड नाही. पत्ता तपासून मग पुन्हा त्याच पत्त्याने काम करण्याऐवजी फाइल आधी उघडावी आणि पुढचे सगळे प्रश्न त्या उघडलेल्या फाइललाच विचारावेत; पायथनमध्ये त्यासाठी एफस्टॅट आहे. एकदा उघडलेली फाइल मधल्या वेळात नाव बदललं तरी तीच राहते. ठरावीक फोल्डरबाहेर जायचंच नसेल तर ती अट कर्नललाच घालावी. लिनक्सने २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीत ओपनॲट२ ही सोय त्यासाठीच दिली: वाट चालतानाच कर्नल सीमेबाहेर पाऊल पडू देत नाही, त्यामुळे तपासणी आणि कृती यांच्यात फट उरत नाही. रिअलपाथ लॉगमध्ये लिहायला, माणसाला दाखवायला आणि चूक शोधायला उत्तम आहे; दाराशी पहारेकरी म्हणून ते एकटं पुरत नाही. वेळा साठवताना कोणती वेळ, कोणत्या सिस्टिमवरची आणि कोणत्या घड्याळाची हेही सोबत लिहावं. मराठी नावांची तुलना करण्यापूर्वी ती प्रमाण रूपात आणावीत आणि अर्ध्या र चं तिसरं रूप वेगळं हाताळावं.

हा विचार कायद्यातही उतरला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या ठरवून दिलेल्या नमुन्यात हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं हे लिहावं लागतं. फाइलचं नाव आणि तिच्यावरची तारीख एवढ्यावर कायदा थांबत नाही, आणि ते योग्यच आहे. हॅशही सर्व प्रश्नांचं उत्तर नाही. मजकूर कधीचा आणि कोणाचा हे ते सांगत नाही, मूल्य काढल्यानंतर तो बदललेला नाही एवढंच सांगतं. पण ते जेवढं सांगतं तेवढं तपासता येतं. आपल्या महाविद्यालयांत आणि संगणक वर्गांत फाइल उघडायला पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि पत्ता हा अवतरणचिन्हांतला एक शब्द म्हणून विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसतो. त्याच धड्यात आणखी दोन वाक्यं घालावीत: पत्ता हा सिस्टिमला विचारलेला प्रश्न आहे, आणि मिळालेलं उत्तर वापरायच्या आधी ते कधीचं आहे हे पाहावं. ज्यांच्या प्रोग्रॅमांच्या हाती उद्या लोकांचे जमिनीचे, आजारपणाचे आणि पैशांचे कागद जाणार आहेत, त्यांना एवढं शिकवणं हे अभ्यासक्रमाचं किमान कर्तव्य आहे.